पगार कुठाय?

गेल्या गणपतीत आरती झाली, पंगत उठली, आणि दरवर्षी निघतो तो विषय याही वर्षी निघाला: हॉटेलात टिप द्यायची की नाही, आणि द्यायची तर किती. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आजूबाजूला राहणारी आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं. बाकी कशावर चढत नाहीत इतके आमचे आवाज या एका विषयावर चढतात. एक बाजू म्हणते, जेवणाचे पैसे मोजले, वर टॅक्स भरला, आता हे वीस टक्के कशाचे? द्यायचं ते खुशीनं द्यायचं. हक्कानं मागायला लागले की ती उकळणी झाली. दुसरी बाजू म्हणते, ही या देशाची दिलदारी आहे, चांगल्या कामाची इथे जागच्या जागी कदर होते, आणि आपण भारतीय हात आखडता घेतो म्हणून आपल्याला बघताच वेट्रेसचं तोंड उतरतं. तासभर हे चालतं. मला दोन्ही बाजू ऐकताना त्रास होतो, कारण दोघांचीही चूक एकच आहे. दोघंही टिपेला देणगी समजतात. एकाला ती देणगी जड वाटते, दुसऱ्याला ती मिरवावीशी वाटते, एवढाच फरक.

मला वाटतं, अमेरिकेतल्या हॉटेलात टेबलावर ठेवलेली टिप ही देणगी, बक्षिसी, कदर यांपैकी काहीच नाही. तो त्या माणसाचा पगार आहे. मालकानं द्यायचा पगार कायद्यानं मालकाच्या अंगावरून काढून गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकला आहे. हे मान्य केलं की दोन गोष्टी ओघानंच येतात. हा कायदा आहे तोवर टेबलावर बसून जेवणाऱ्यानं पूर्ण टिप द्यायलाच हवी, कारण ते देणं आहे. आणि हा कायदा जायला हवा, कारण कष्टाचा पगार तिऱ्हाइताच्या मर्जीवर ठेवणं अन्याय आहे. आमच्या चर्चेत यातली एकच गोष्ट प्रत्येक जण उचलतो. ज्याला ही पद्धत आवडत नाही तो टिप कापतो, आणि जो टिप देतो तो पद्धतीचे गोडवे गातो.

आकडे सांगतो, कारण इथे वीस-वीस वर्षं काढलेल्या लोकांनाही ते माहीत नसतात. देशाचं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. पण ज्यांना टिप मिळते त्या कामगारांसाठी वेगळा आकडा आहे, २ डॉलर १३ सेंट, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. तेव्हाचं किमान वेतन सव्वाचार डॉलर होतं आणि टिपवाल्यांचा पगार त्याच्या निम्मा धरला जाई. १९९६ च्या कायद्यानं किमान वेतन वाढवलं, पण ही निम्म्याची दोरी कापून टाकली. तेव्हापासून एक आकडा थोडाफार वर सरकला आणि दुसरा तिथेच थिजला. टेक्सासमध्ये आज २.१३ हाच दर आहे. आमच्या पेनसिल्व्हेनियात २.८३. उरलेली रक्कम टिपेतून भरून निघते असं धरून चाललं जातं, आणि कायद्यात याला नावही आहे: टिप क्रेडिट. क्रेडिट कुणाच्या खात्यावर? मालकाच्या. तुम्ही टेबलावर ठेवलेली नोट आधी मालकाची जबाबदारी फेडते, मग त्या मुलीच्या हाती काही उरतं.

हे मी कागदावर वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. माझी मुलगी सुट्टीत गावातल्या एका डायनरमध्ये, म्हणजे साध्या, स्वस्त हॉटेलात, वेट्रेसचं काम करत होती आणि माझे वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. एका शनिवारी रात्री अकराला ती आली, ॲप्रनचे खिसे जेवणाच्या टेबलावर रिकामे केले. चुरगळलेल्या एक-एक, पाच-पाचच्या नोटा, काही सिरपनं चिकटलेल्या. बाबा काही न बोलता शेजारी बसले आणि सवयीनं नोटा सरळ करू लागले, सगळे चेहरे एका बाजूला, एक-एकच्या वेगळ्या, पाच-पाचच्या वेगळ्या. मग म्हणाले, "हे झालं वरचं. पगार कुठाय?" तिनं फोनवर आठवड्याची पे-स्लिप उघडून दिली. बावीस तास, दर २.८३, एकूण ६२ डॉलर २६ सेंट. त्यातून पगारावरचा टॅक्स आणि टिपेवरचाही टॅक्स इथूनच कापलेला. हाती ११ डॉलर ८० सेंट. बाबांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला आणि विचारलं, "बाळा, हा एका दिवसाचा ना?"

त्याच रात्री तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आमच्या गणपतीतल्या चर्चेत कधीच कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. नऊ जणांचं एक टेबल होतं, बिल २१४ डॉलर, दीड तास बसले, पाच डॉलर ठेवून गेले. आता त्या डायनरचा नियम असा की वेट्रेसनं आपल्या विक्रीच्या चार टक्के रक्कम टेबलं पुसणाऱ्या पोराला आणि दारात उभं राहून जागा देणाऱ्या मुलीला द्यायची. विक्रीच्या, टिपेच्या नव्हे. म्हणजे त्या टेबलाचे साडेआठ डॉलर तिनं द्यायचे होते आणि मिळाले होते पाच. ते नऊ जण जेवले त्याचे साडेतीन डॉलर माझ्या मुलीनं खिशातून भरले. असे नियम पुष्कळ हॉटेलांत आहेत. बाबांना ते लगेच कळलं. रोजच्या हिशेबात तिकिटाचे पैसे कमी भरले की कंडक्टरला पदरचे घालावे लागत. पण तिथे चूक कंडक्टरची असे, आणि महिना अखेरीला पगार तरी ठरलेला असे. टिप न देता उठणारा माणूस मालकाला धडा शिकवतोय असं त्याला वाटत असतं. मालकाला त्याची झळही लागत नाही. बिल पूर्ण वसूल झालेलं असतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. कायदा म्हणतो की टिप धरूनही सव्वासात डॉलर भरत नसतील तर फरक मालकानं द्यायचा. मग वेट्रेस उपाशी कशी राहील? नियम आहे, आणि सचोटीचे मालक तो पाळतातही. पण हिशेब आठवड्याचा होतो. मंगळवारी दुपारी हॉटेल रिकामं, चार तासांत दोन टेबलं. शनिवारी रात्री पाय टेकायला उसंत नाही. शनिवारची ती कमाई मंगळवारच्या खड्ड्यात जाते आणि मालकाला काही भरावं लागत नाही. पाऊस पडला, रस्ता खोदला, शेजारी नवं हॉटेल आलं, तर धंद्याचा तोटा मालकाचा असायला हवा. इथे त्याचा मोठा हिस्सा वेट्रेस सोसते. आणि समजा फरक निघालाच, तर तो मागायचा कुणी? ज्या मॅनेजरच्या हातात शनिवारची पाळी द्यायची की मंगळवारची हे असतं, त्याच्यापुढे उभं राहून "माझी टिप कमी पडली" म्हणायचं? ते म्हणजे आपण कामात कमी पडलो अशी कबुलीच. सतरा-अठरा वर्षांची मुलगी हे बोलेल? दोन मुलांची आई बोलेल?

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. टिप असते म्हणून सेवा चांगली मिळते, माणूस हसून बोलतो, पाण्याचा ग्लास रिकामा राहत नाही. भारतातून आलेल्या पाहुण्याला हे पहिल्याच दिवशी जाणवतं आणि मलाही जाणवलं होतं. पण चांगल्या कामाचा मोबदला गिऱ्हाईक खरंच तोलून देतं का? कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला, आणि त्यांना सेवेचा दर्जा आणि टिपेचा आकडा यांचा संबंध फार दुबळा आढळला. माणूस आपल्या सवयीनं, आपल्या टक्क्यानं देतो. त्यांच्याच एका अभ्यासात कृष्णवर्णीय वेटरांना गोऱ्या वेटरांपेक्षा कमी टिप मिळत असल्याचं दिसलं. तोच पदार्थ, तेच हॉटेल, आणि पगार कातडीच्या रंगावर. एखाद्या मालकानं पगारपत्रकात असं केलं असतं तर त्याच्यावर खटला झाला असता. गिऱ्हाइकानं केलं की ती त्याची मर्जी. आणि गुणवत्तेचंच म्हणाल तर पावसाळ्यात रात्री वरंधा घाटातून गाडी उतरवणाऱ्या एसटी ड्रायव्हरला आपण खाली पोचल्यावर टिप देतो का? शुश्रूषा करणाऱ्या नर्सला? ज्यानं ते जेवण रांधलं त्या भटारखान्यातल्या माणसाचं तर तोंडही आपण पाहत नाही. ही सगळी माणसं टिपेविना मन लावून कामं करतात. मग ताट आणून ठेवणारीच टिपेशिवाय कामचुकारपणा करेल असं का धरायचं?

शिवाय ज्याच्या हाती पगार त्याच्या हाती सत्ता. एक गिऱ्हाईक रोज माझ्या मुलीला "स्वीटहार्ट" म्हणायचं, आणि एकदा त्यानं पावतीवर फोन नंबर लिहून ठेवला. ती हसली. घरी येऊन मला म्हणाली, "तो नेहमी दहा डॉलर ठेवतो." या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांतल्या किती जणी असं हसत असतील? चर्चेत दिलदारीची बाजू घेणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तुमच्या ऑफिसात तुमचा पगार रोज वेगळा माणूस, तुमचा चेहरा बघून, तुमच्यासमोर ठरवत असता तर तुम्ही त्याला दिलदारी म्हणाला असता का?

ही पद्धत अमेरिकेच्या रक्तात आहे असं जे म्हणतात त्यांनी इतिहास पाहावा. टिप युरोपातल्या सरदार-उमरावांच्या घरांतून आली. यादवी युद्धानंतर श्रीमंत अमेरिकन युरोप फिरून आले आणि ती सोबत घेऊन आले. सुरुवातीला लोकांना तिची शिसारी होती. आपण राजेशाही झुगारली, मग ही मालक-चाकराची रीत कशाला, असा तो राग होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टिपेवर बंदी घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी घातली, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. दरम्यान मालकांना या पद्धतीचा उपयोग कळून चुकला होता. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पुलमन कंपनी. १८६७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं आगगाडीच्या झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणून नुकतेच गुलामीतून सुटलेले पुरुष नेमले. प्रवासी त्यांना सर्रास "जॉर्ज" म्हणत, कंपनीच्या मालकाच्या, जॉर्ज पुलमनच्या नावानं. जसं गुलामाला धन्याचं नाव लागे तसं. १९१५ च्या सुमारास पोर्टरचा पगार महिना साडेसत्तावीस डॉलर होता, बुटांचं पॉलिश त्यानं स्वतःच्या पैशानं आणायचं, आणि बाकी पोट प्रवाशांच्या टिपेवर. जॉर्ज पुलमन १८९७ मध्ये वारल्यावर कंपनीचा अध्यक्ष झाला तो रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकन यांचा मुलगा. बापानं ज्यांची गुलामी संपवली त्यांच्या पगाराचा प्रश्न मुलाच्या टेबलावर आला आणि तसाच पडून राहिला.

या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. त्यांची मागणी जास्त टिपेची नव्हती. टिपेवर जगावं लागणार नाही असा पगार हवा, ही होती. त्यांनी रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे दाद मागितली, की टिप मिळेल असं सांगून कमी पगारावर माणसं नेमायची ही कंपनीची पद्धत थांबवा. १९२८ मध्ये आयोगानं हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही म्हणून हात झटकले. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. पुढच्याच वर्षी देशात किमान वेतनाचा कायदा आला, तासाला पंचवीस सेंट, आणि त्यातून हॉटेलांतली माणसं बाहेर राहिली. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं ते टिप क्रेडिटची अट घालूनच.

१९२८ हे साल मराठी वाचकाला थबकवायला हवं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महार वतनदार करत ते काम सरकारी होतं. वसूल तालुक्याला पोचवायचा, सांगावे न्यायचे, गावाची राखण करायची, साहेब आला की धावायचं; दिवस-रात्र नाही, घरातला कुणीही पुरुष हजर हवा. सरकार द्यायचं नाममात्र. बाकी पोट वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर आणि गावानं द्यायच्या बलुत्यावर. आणि बलुतं म्हणजे सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, शेतकऱ्याच्या हातातून पडेल ते धान्य घ्यायचं. रीत ठरलेली होती, पण हात त्याचा होता. रयत रागावली की बलुतं बंद. महाडनंतर माणूस म्हणून ताठ उभं राहू पाहणाऱ्यांवर गावोगावी हेच हत्यार चाललं. बाबासाहेबांच्या विधेयकात म्हणूनच बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करून ती रीतसर वसूल व्हावी आणि मोबदला म्हणून मिळावी ही तरतूद होती. विधेयक मंजूर झालं नाही. कनिष्ठ गाव वतनं संपायला १९५८ चा कायदा यावा लागला.

जातीच्या दास्यात पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्यांचं दुःख आणि डायनरमधल्या वेट्रेसचं दुःख एका मापाचं आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं अपराध होईल. वेट्रेस काम सोडू शकते, महार वतनदाराला गाव सोडणं सोपं नव्हतं. पण मोबदल्याची ती जी रचना होती, काम एकाचं आणि पोट दुसऱ्याच्या मर्जीवर, ती बाबासाहेबांनी नेमकी ओळखली होती. बलुतं वाढवून द्या असं ते म्हणाले नाहीत. गावकऱ्यांनी मन मोठं करावं असंही त्यांनी सुचवलं नाही. घरात त्यांची तसबीर लावणाऱ्या माणसानं डायनरमध्ये बसून "टिप द्यायची की नाही ही माझी मर्जी" म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मर्जी हाच तर तिथे झगड्याचा मुद्दा होता.

"आपल्याकडेही टिप आहेच की" असं कुणी म्हणेल. आहे. उडप्याकडे बडीशेपेच्या वाटीत आपण सुटे टाकतो, दिवाळीला पोस्टमनला पोस्त देतो. पण पोस्टमनला सरकारचा पगार असतो आणि पोस्त त्यावर असते. ती नाही दिली तर त्याच्या घरची चूल थंड होत नाही. भारतात वेटरचा पगार कमी असतो, राबणूक जास्त असते, हे खरंच. तरी टिप मिळते म्हणून किमान वेतनातून एवढे रुपये कापून घ्या असं कायदा मालकाला सांगत नाही. बडीशेपेच्या वाटीतली सवय घेऊन इथल्या टेबलावर बसलो की आपला हिशेब चुकतो तो इथेच.

आता सर्वांत जड आक्षेप, आणि तो स्वतः वेटरांचाच आहे. त्यांच्यातल्या अनेकांना टिप जायला नको आहे. महागड्या हॉटेलात शुक्रवारी रात्री एका टेबलावर शंभर डॉलर टिप मिळते. कुठला मालक तासाला एवढं देईल? २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये टिपवाल्यांना पूर्ण किमान वेतन द्यायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी तो फेटाळला. विरोधात वेटरही उभे होते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मतदारांनी असा प्रस्ताव २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये संमत केला. पहिला नगर परिषदेनं रद्द केला, दुसऱ्याची गती नंतर कमी केली. न्यूयॉर्कमधले नामवंत हॉटेलमालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप बंद करायची घोषणा केली, दर वाढवले, पगार वाढवले. पाच वर्षांत, २०२० मध्ये, टिप परत आली. चांगल्या माणसानं मनापासून करून पाहिलं आणि जमलं नाही, याहून मोठा पुरावा कुठला, असं मला एका मित्रानं सुनावलं.

मी त्याला उलट विचारलं, एकट्या डॅनी मायरनं ते जमेलच कसं? त्याच्या मेनूकार्डावर चिकन छत्तीस डॉलर, शेजारच्या हॉटेलात तीस आणि वर टिप. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून छत्तीस आणि तीस वाचतं. त्याचे चांगले वेटर शेजारी जातात, जिथे टिप मिळते. एका गावानं बलुतं बंद करून रोख पगार सुरू केला असता तर तो तरी टिकला असता का? म्हणूनच हे काम कायद्याचं आहे. सगळ्यांना एकाच वेळी लागू झालं तरच कुणाचं नुकसान होत नाही. आणि तसं झालेलं आहे. कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, अलास्का, मोंटाना, मिनेसोटा या सात राज्यांत टिपवाल्यांसाठी वेगळा, खालचा दर नाही. मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोतली हॉटेलं ओस पडलीत का? लास व्हेगास नेव्हाडात आहे; तिथे लोक जेवायचे थांबलेत का? आणि या राज्यांत टिपही चालूच आहे. म्हणजे पूर्ण पगार झाला की टिप बुडेल ही वेटरांची भीती समजण्यासारखी असली तरी अनुभव तिच्या बाजूनं नाही. शुक्रवारी रात्री शंभर डॉलर कमावणारा वेटर हा या धंद्याचा चेहरा म्हणून पुढे केला जातो. मंगळवारी दुपारी डायनरमध्ये कॉफीचा कप भरणारी पन्नाशीची बाई कुणी पुढे करत नाही.

दर वाढतील हे मात्र खरं, आणि ते मी लपवत नाही. वाढू देत. वीस टक्के आपण आजही देतोच आहोत. मेनूकार्डावर छापले तर निदान सगळे सारखे देतील. आज प्रामाणिक गिऱ्हाईक भरतं आणि पाच डॉलर ठेवून उठणारं त्याच्या जिवावर स्वस्तात जेवतं. कॅलिफोर्नियातले माझे मित्र विचारतात, आमच्याकडे २०२५ मध्येच तासाला किमान साडेसोळा डॉलर मिळत होते, मग आम्ही वीस टक्के का द्यायचे? त्यांचा प्रश्न रास्त आहे. तिथे टिप खऱ्या अर्थानं बक्षिसीच्या जवळ जाते, आणि त्यांनी आपल्या मनानं ठरवावं. कॉफीच्या दुकानात पैसे घेणारी मुलगी टॅब्लेट फिरवून तुमच्यापुढे धरते, १८, २०, २५ टक्के, त्याचंही तसंच. तिथे बहुतेक ठिकाणी पूर्ण पगार असतो. प्यू या लोकमत तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकन म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागतात. लोक वैतागलेत हे साहजिक आहे. डबाबंद सँडविच उचलून दिल्याबद्दल मीही "नो टिप" दाबतो. पण टॅब्लेटवरचा राग डायनरमधल्या वेट्रेसवर काढायचा नसतो. दोन्हीला एकच शब्द असला तरी एकीकडे खरोखरची मर्जी आहे आणि दुसरीकडे देणं आहे.

२०२५ मध्ये केंद्र सरकारनं वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंतच्या टिपेवर २०२८ पर्यंत आयकरात सूट दिली. आमच्याकडच्या कित्येकांना वाटलं, चला, प्रश्न मिटला. पण फार कमी कमाई असलेल्या वेट्रेसला आयकर मुळातच नसतो किंवा नगण्य असतो. ११ डॉलर ८० सेंटच्या त्या स्लिपेवर सगळ्यांत मोठी कपात सोशल सिक्युरिटीची, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनसाठी सक्तीनं कापतात त्या पैशांची, होती आणि ती या सवलतीत येत नाही. मालकाचा २.८३ चा आकडा तर कुणी हातही न लावता तसाच आहे. पगार द्यायचं सोडून टिपेवर सवलत दिली की टिपेवर जगणं कायमचं होऊन बसतं.

नव्यानं शिकायला आलेली मुलं मला म्हणतात, काका, जेवण कसंबसं परवडतं, वर टिप कुठून आणू? मी त्यांना स्पष्ट सांगतो. टिपेसकट परवडत नसेल तर बसून जेवणं परवडत नाही. जेवण बांधून घ्या, घरी नेऊन खा, त्यात कमीपणा नाही. पण तिच्याकडून दीड तास काम करून घेऊन तिचा पगार बुडवू नका. आणि ज्यांना आता इथे मत आहे, ज्यांना सिटिझन होऊन दहा-दहा वर्षं झाली, त्यांनी हा राग हॅरिसबर्गला, आमच्या राज्याच्या राजधानीत, न्यावा. राज्यातल्या आमदाराचं ऑफिस आपल्या गावात असतं, तिथे फोन उचलला जातो, माणसं भेटतात. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तिथल्या मुलीनं वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या वेळी म्हणाली की तीही कॉलेजात असताना टेबलं सांभाळायची.

बाबा ऑक्टोबरात परत गेले. दर रविवारी फोनवर नातीची चौकशी होते, अभ्यास, थंडी, मग ठरलेला प्रश्न: तिच्या हॉटेलातल्या बायकांचा पगार वाढला का? अजून नाही, असं मी सांगतो. मग ते विचारतात, किती म्हणालास तो आकडा, आणि मी पुन्हा सांगतो, दोन डॉलर त्र्याऐंशी सेंट.